अश्विन थापाची पात

पिंपळटोल्यात अश्विन थापाला सगळे नेपाळी म्हणत आणि काठमांडूत सगळे त्याला इंडियन म्हणत. ह्यात कुणाचीच चूक नव्हती. पिंपळटोल्याच्या माणसांना त्याचं नाक आणि डोळे दिसत, काठमांडूच्या माणसांना त्याचं बोलणं ऐकू येई. राहता राहिला खुद्द अश्विन. त्याला आरशात काही वेगळं दिसत नसे, आणि आपलं बोलणं तर कुणालाच वेगळं वाटत नाही. तो आपला स्वतःला अश्विन समजायचा आणि गप्प बसायचा.

त्याचा बाप मनबहादूर मिसरूड फुटायच्या वयात नेपाळातल्या पाल्पा जिल्ह्यातून निघाला होता. कुठल्याशा गाववाल्याच्या मागे मागे तो ब्रह्मपुरीला आला आणि वैनगंगेकडच्या रस्त्यावरच्या एका राइस मिलवर चौकीदार झाला. मिल पिंपळटोल्याच्या शिवेवर, म्हणून बिऱ्हाडही पिंपळटोल्यात. पुढे लग्न करून त्याने बायको आणली, तीही पाल्प्याचीच. अश्विन रांगत होता तेव्हा ती बिचारी तापाने गेली. आता प्रश्न असा पडला, की रात्रभर शिट्टी वाजवत जागणारा बाप दिवसा झोपणार, मग दिवसा पोराकडे बघणार कोण? गावाने ह्या प्रश्नावर पारावर पुष्कळ चर्चा केली. चर्चा रंगात आली असताना रुखमाबाईने पोर काखेत मारलं आणि ती शेतात निघून गेली. गावाने मग दुसरा विषय काढला.

रुखमाबाई म्हणजे रोवण्याच्या बायांच्या टोळीची म्होरकी. ज्यांनी भाताचा रोवणा पाहिला नाही त्यांना थोडं समजावून सांगायला हवं. चिखल केलेल्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, बाया एका ओळीत उभ्या राहतात आणि कमरेत वाकतात. हातात पऱ्ह्याची, म्हणजे भाताच्या रोपांची पेंडी. दोन-चार काड्या चिखलात खोचायच्या आणि एक पाऊल मागे सरायचं. सगळं काम मागे मागे जात करायचं असतं, कारण पुढे गेलं की आत्ताच लावलेलं पायाखाली येतं. प्रत्येकीच्या वाट्याला एक पट्टा येतो, ती तिची पात. पात वाकडी गेली की ती शेजारणीच्या पातीत घुसते, आणि मग ती बाई रुखमाबाईच्या तोंडी सापडते. त्या तोंडाची ख्याती पार नागभीडपर्यंत होती. मागचा बांध पायाला लागला, की रुखमाबाई आवाज देई, "धुऱ्यावर!" आणि साऱ्या जणी एका दमात उठून धुऱ्यावर, म्हणजे त्या बांधावर, चढत. आधी कुणी चढायचं नाही आणि मागे कुणी रेंगाळायचं नाही.

अश्विन आधी धुऱ्यावरच्या पळसाखाली निजला, मग तिथेच बसायला शिकला, आणि चालता यायला लागल्यावर सरळ चिखलात उतरला. शाळेला सुट्टी असली की त्याची पात ठरलेली, रुखमाबाईच्या डाव्या हाताला. पोरं पुढे धावायला शिकतात त्या वयात हा पठ्ठ्या गुडघाभर चिखलात मागे सरायला शिकला, तेही मान न वळवता.

त्याचं दुसरं एक काम होतं आणि ते त्याला फार आवडायचं. रोवणा चालू असताना कुणी परका माणूस बाजूने गेला, म्हणजे कुणाकडचा पाहुणा, तलाठी, शिलाई मशीन विकणारा, तर बाया त्याच्या पायांपुढे पऱ्ह्याची पेंडी नेऊन ठेवतात. मग त्या माणसाने हसत खिशात हात घालायचा आणि बायांच्या चहापाण्याचं बघायचं. ही इकडची जुनी रीत. पेंडी घेऊन पळत जायचं काम अश्विनचं. एकदा त्याने उत्साहाच्या भरात आपल्या झोपेतून उठून आलेल्या बापाच्याच पायांपुढे पेंडी ठेवली. मनबहादूरने खिसे चाचपले. तेवढ्यात रुखमाबाईने अश्विनच्या पाठीत धपाटा घातला. "अबे, घरच्या मानसापुढं पेंडी ठेवते का कोनी? परक्यापुढं ठेवाची असते!" मनबहादूरला त्या दिवशी काय वाटलं कोण जाणे, पण तो पुन्हा झोपायला गेला नाही. धुऱ्यावर बसून राहिला.

आता लटारूभाऊ. गावात नवयुवक क्रीडा मंडळ होतं आणि लटारूभाऊ साठीला टेकले तरी त्याचे अध्यक्ष होते. बांध्या बऱ्यापैकी, आवाज त्याहून मोठा, आणि चंद्रपूरच्या पुढाऱ्यांशी 'वरपर्यंत वळख'. ह्या वळखीचा उपयोग झालेला अजून कुणी पाहिला नव्हता, पण धाक होता. एका वर्षी पंचायतीच्या निवडणुकीत लटारूभाऊ आपटले. ज्याने आपटलं त्याच्या बांधीत रुखमाबाईची टोळी रोवण्याला चालली होती. लटारूभाऊंनी तिला वाटेत गाठून हळूच सांगितलं, "जरा पातळ लावजा वं. बसू दे त्याले बोंबलत."

रुखमाबाई हळू बोलत नसे. "तुमची खुन्नस धुऱ्याच्या बाहेर ठेवा, भाऊ! ज्याच्या बांधीत उतरलो त्याचा रोवना सिधा. उद्या तुमच्या बांधीत बी सिधाच लावन." हे अर्ध्या गावाने ऐकलं. नऊ-दहा वर्षांच्या अश्विननेही ऐकलं, कारण त्याच्या डोक्यावर पेंड्यांचा भारा होता आणि तो तिच्या मागेच उभा होता.

धान कापून झाल्यावर त्याच बांध्यांमध्ये मंडळाचा फुटबॉल चाले. धुरा हीच सीमारेषा. पायात बूट नाहीत, खाली धानाचे खुंट. इतर पोरांना गोल मारायचे असत, म्हणून उरलेली जागा अश्विनला मिळाली, सगळ्यात मागे. समोरचा चेंडू घेऊन धावत आला की बाकीचे पाठ फिरवून पळत. अश्विन पाठ फिरवत नसे. तो समोर बघत, जरासा वाकून, एकेक पाऊल मागे सरत राही आणि समोरच्याला जागाच देत नसे. शेवटी कंटाळून समोरचा काहीतरी चूक करी. पुढे ब्रह्मपुरीच्या कॉलेजात गेल्यावर सरांनी विचारलं, हे तुला कुणी शिकवलं? अश्विन खरं बोलला. सरांना वाटलं, पोरगा आपली थट्टा करतो आहे.

कॉलेजातून तो विद्यापीठाच्या संघात गेला, तिथून नागपूरच्या एका क्लबात, आणि तिथून थेट कलकत्त्याच्या. पेपरात फोटो आला. लटारूभाऊंनी तो कापून मंडळाच्या भिंतीवर चिकटवला आणि जाहीर करून टाकलं, "आपला पोट्टा भारताकडून खेळन. मी पाह्यतो कोन नाई घेत! वरपर्यंत वळख हाय."

भारताकडून काही बोलावणं आलं नाही. बोलावणं आलं नेपाळचं. कलकत्त्याच्या एका सामन्यात तिकडच्या माणसाने थापा हे आडनाव वाचलं, बापाचं गाव विचारलं, आणि पुढची सूत्रं हलली. बापामुळे नागरिकताही मिळण्यासारखी होती. अश्विन सल्ला घ्यायला गावी आला आणि चुकून आधी लटारूभाऊंकडे गेला.

"नेपाळ?" लटारूभाऊ खाटेवरून उठले. "काऊन? आपला देश का ओस पडला का बे?"

"यायनं बोलावलंच नाई, भाऊ. त्यायनं बोलावलं."

"दम धराचा होता! मी चंद्रपूरले बोलून राह्यलो होतो नं!"

"तीन वर्सं झाली तुमी बोलून राह्यले."

हे बोलायला नको होतं. लटारूभाऊंनी भिंतीवरचा फोटो काढला. तो डिंकाने पक्का बसला होता म्हणून अर्धाच निघाला, आणि अश्विनचे दोन पाय व एक फुटबॉल भिंतीवर तसेच राहिले. "आता तू आमचा नाई," लटारूभाऊ म्हणाले. "गाव सोडून गेला तं गेला. आमी तुले वळखत नाई." पारावर बसलेल्या चार जणांनी माना हलवल्या. लटारूभाऊंच्या बोलण्यावर माना हलवायची त्यांना सवयच होती, पण अश्विनला ते लागलं. त्याला खरंच वाटलं, की ज्या गावाने आपल्याला लहानाचं मोठं केलं त्याने आपल्याला पुसून टाकलं.

रुखमाबाई तूर सोलत बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"रोजी बरी देतेत का?"

"देतेत."

"जेवाले?"

"ते बी देतेत."

"मंग जा नं. आपून कोनाच्याबी बांधीत जातोच." तिने तुरीचं टरफल झटकलं. "पन उतरला तं पात सिधी ठेवजो. मांगून कोनी नाव नाई ठेवलं पायजे."

बापाला विचारायचं राहिलंच होतं. मनबहादूर नुकताच उठला होता. त्याने पेटीतून जुनी टोपी काढली, झटकली, आणि पोराच्या डोक्यावर ठेवून बघितली. ती अश्विनला लहान होत होती.

काठमांडूत पहिले दिवस मजेत गेले असं म्हणता यायचं नाही. अश्विनची नेपाळी म्हणजे बापाने झोपेत आणि झोपेतून उठताना बोललेली नेपाळी. त्याला 'भूक लागली', 'दार लाव' आणि 'आवाज करू नको' एवढं चोख येत होतं. मैदानावर ह्यातलं एकही कामाचं नाही. दम लागला की तर तोंडातून सरळ पिंपळटोल्याकडची झाडीबोलीच बाहेर पडे. सरावाच्या पहिल्याच दिवशी तो गोलरक्षकावर ओरडला, "मांगं सर बे, मांगं!" गोलरक्षक सुजन पुढे आला आणि त्याने विचारलं, "ये कौन सी भाषा है?"

"हमारे गाँव की," अश्विन म्हणाला.

सुजनने ते सगळ्यांना सांगितलं. गाव म्हणजे पाल्पा, असं सगळ्यांनी धरलं. पाल्प्याचाच एक खेळाडू संघात होता, त्याने बराच विचार केला आणि सांगितलं, आमच्याकडे असं बोलत नाहीत, पण डोंगराच्या पलीकडच्या अंगाला बोलत असतील. पुढे गावाचा नकाशा मोबाइलवर निघाला आणि खरं काय ते कळलं, तेव्हा सगळे पोट धरधरून हसले. पण तोवर बचावातल्या चौघांना ते शब्द पाठ झाले होते. 'पात धर' म्हणजे आपापली जागा सोडायची नाही. 'मांगं' म्हणजे समोर बघत मागे सरायचं. आणि 'धुऱ्यावर!' म्हणजे चौघांनी एकदम, एका पावलाने पुढे यायचं. आपण पुढे आलो की समोरचा खेळाडू आपल्या पाठीमागे एकटाच राहतो आणि चेंडू त्याच्याकडे गेला की पंच ऑफसाइड देतो. रुखमाबाईच्या बाया मागे चढत आणि हे पुढे यायचे, एवढाच काय तो फरक. एकदम यायचं, हे महत्त्वाचं.

प्रशिक्षकाने हे शब्द बदलायचे नाहीत असं ठरवलं. त्याचं कारण सरळ होतं. इतर संघांना नेपाळी थोडीफार कळते, हिंदी तर सगळ्यांनाच कळते. झाडीबोली दक्षिण आशियात कुणाच्या बापाला कळणार? आणि तसंच झालं. दक्षिण आशियाई देशांची स्पर्धा होती आणि ती काठमांडूतच होती. पहिल्या दोन सामन्यांत नेपाळवर एकही गोल झाला नाही. चांगले चांगले धावपटू 'धुऱ्यावर!' अशी आरोळी ऐकत आणि पुढच्या क्षणी पंचाचा झेंडा वर गेलेला बघत उभे राहत. प्रेक्षकांनाही ती आरोळी आवडली. मागच्या रांगेतली पोरं 'धुरेवर, धुरेवर' करत नाचायला लागली. पिंपळटोल्याचा चिखल हिमालयात पोचला आणि त्याचा पत्ता पिंपळटोल्यालाच नव्हता, कारण लटारूभाऊंनी सामना बघायला मनाई केली होती.

तिसरा सामना भारताशी होता. तेव्हा मात्र मनाई टिकली नाही. भारताचा सामना न बघणं म्हणजे देशद्रोह, अशी पोरांनी अध्यक्षांची कोंडी केली. सभामंडपात पांढरं धोतर ताणून पडदा लावला आणि संध्याकाळी अख्खा गाव जमला. हे अश्विनला रुखमाबाईच्या टोळीतल्या दिव्यानीने नंतर फोनवर सांगितलं. तिने आणखी एक सांगितलं. राष्ट्रगीतं सुरू झाली, तेव्हा आधी नेपाळचं लागलं. मनबहादूर मागे एकटाच उभा राहिला, डोक्यावर तीच टोपी. मग भारताचं लागलं, सगळे उभे राहिले, आणि तो उभा होताच. "दोन्ही वक्ती उभा होता तुहा बाप," दिव्यानी म्हणाली, "आन दोन्ही वक्ती रडून राह्यला होता."

सामना बरोबरीत चालला होता. दोन्हीकडे शून्य. अश्विन जीव तोडून खेळत होता, कारण त्याच्या पाठीमागे एक देश होता आणि पुढे दुसरा, आणि दोन्हीकडची माणसं तो काय करतो ते बघत होती. उत्तरार्धात उशिरा भारताने एक नवा खेळाडू उतरवला. बारीक, काळासावळा, पायाने चपळ. त्याच्या पाठीवर कोडापे असं नाव होतं. त्या आडनावावरून अश्विनच्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. ब्रह्मपुरीच्या कॉलेजात त्याच्या बाकावर दोन कोडापे होते. पण धावपळीत माणूस आडनावं वाचत नाही.

भारताच्या मधल्या खेळाडूने चेंडू ताब्यात घेतला, मान वर केली. अश्विनने डावीउजवीकडे बघितलं, चौघे ओळीत होते. त्याने बेंबीच्या देठापासून आरोळी ठोकली, "धुऱ्यावर!"

चौघे एकदम पुढे आले. आणि त्यांच्याबरोबर, किंबहुना त्यांच्या अर्धं पाऊल आधी, तो कोडापेही पुढे आला. आज्ञाधारक बाईसारखा ओळीत येऊन उभा राहिला. चेंडू सुटला तसा तो गर्रकन वळला आणि मोकळ्या बांधीत पळत सुटला. अश्विन मागे वळला तेव्हा उशीर झाला होता. पंचाचा झेंडा खालीच होता. सुजन पुढे धावला, कोडापेने चेंडू त्याच्या बाजूने हळूच जाळ्यात ढकलला, आणि तेवढ्या एका गोलावर सामना भारताने जिंकला.

सामना संपल्यावर कोडापे स्वतःच अश्विनकडे आला. त्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याच्या आनंदापेक्षा नवल जास्त होतं.

"अबे, तू कुठचा?"

"ब्रह्मपुरीच्या अंगचा," अश्विन म्हणाला. त्याला रडू येत होतं आणि हसूही. "तू?"

"चामोर्शीचा, वैनगंगेच्या त्या अंगचा. आदेश नाव माहा. तू 'धुऱ्यावर' म्हनला नं, मले वाटलं माही मायच आवाज देऊन राह्यली. पाय आपोआपच निंघाले बे!" आदेशने त्याला मिठी मारली. लय दिवसांनी आपलं बोलणं ऐकलं म्हणून त्याचेही डोळे भरून आले होते.

ही मिठी सगळ्या कॅमेऱ्यांनी टिपली. बसमध्ये सुजन अश्विनच्या शेजारी बसला नाही. जरा वेळाने मागे वळून त्याने एवढंच विचारलं, "तुम्हारा गाँववाला था?" अश्विनने नाही म्हणून सांगितलं. सुजनने मान डोलावली, पण डोलावण्यात जोर नव्हता. अश्विनचा मोबाइल वाजायला लागला तेव्हा त्याला वाटलं, आता गावाकडून शिव्या येणार.

"वा रे माह्या वाघा!" लटारूभाऊ होते. "वा! तू आमचाच! मले मालूम होतं!"

"काय झालं, भाऊ?"

"काय झालं म्हनते! अबे, सगळ्या गावानं पाह्यलं नं. देशाची वेळ आली तं तू बरोबर बाजूले झाला. चामोर्शीच्या पोट्ट्याले झाडीबोलीत आवाज देलास आन गोल सोडलास! डोकं लावलंस, डोकं! आता तू ये, आमी सत्कार करून राह्यलो."

अश्विनने दोनदा तोंड उघडलं, पण लटारूभाऊंच्या मागे बेंजो सुरू झाला होता. फोन बंद झाला. त्या रात्री त्याला उमगलं, की तिकडच्या माणसांना जो संशय आहे त्याचाच इकडच्या माणसांना अभिमान आहे. तो समज खोटा पडायला हवा होता दोन्हीकडे, आणि खोटा पाडला तर इकडचा गाव पुन्हा हातचा जाणार होता.

तो आला तेव्हा रोवणा जोरात होता. गावाच्या तोंडाशी भला मोठा फलक होता, 'देशासाठी गोल सोडणाऱ्या सुपुत्राचे हार्दिक स्वागत'. फलकावर अश्विन भारताच्या निळ्या शर्टात होता. ब्रह्मपुरीच्या फोटोवाल्याने मुंडकं तेवढं अश्विनचं बसवलं होतं आणि खालचं धड कुणाचं तरी चांगलंच गलेलठ्ठ होतं. सभामंडपात शाल, श्रीफळ, लटारूभाऊंचं भाषण. भाषणात लटारूभाऊंनी त्या गोलाचं नियोजन जवळजवळ आपणच फोनवरून केल्याचं सूचित केलं. टाळ्या पडल्या. मागे मनबहादूर खाली बघत उभा होता, आणि बायांच्या बाजूला रुखमाबाई, काही न बोलता. ती गप्प आहे हेच मोठं विशेष होतं.

"आता सत्कारमूर्ती दोन शब्द बोलतीन," लटारूभाऊ म्हणाले.

अश्विनने माइक हातात घेतला. "मी मुद्दाम नाई सोडलो," तो म्हणाला.

माइकने चिरका आवाज काढला. लोकांना वाटलं, माइकचीच काहीतरी गडबड आहे.

"मले तो गोल अडवाचा होता. लय जोर लावलो. माह्या आवाजानं झाला तो गोल, पन ते चुकीनं झालं. अडवता आला असता तं मी अडवलोच असतो."

लटारूभाऊ वाकून त्याच्या कानाशी आले. माइक चालू आहे ह्याचा त्यांना विसर पडला. "अबे, होय म्हनून दे नं! सगळे खुश हायेत. तुले कोन विचारते खरं का खोटं?"

"तिथी माह्या भरोशावर तिघं जन उभे होते, भाऊ. त्याईले काय सांगू?"

बेंजोवाल्यांनी वाजवायचं की नाही म्हणून एकमेकांकडे बघितलं. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हंजे नेपाळीच निंघाला बे," आणि लोक उठायला लागले. लटारूभाऊंसमोर मोठाच पेच पडला, शाल परत मागावी की नाही. मागणं बरं दिसेना आणि ठेवून देणंही. शेवटी त्यांनी श्रीफळ तेवढं उचललं, जणू चुकून, आणि ते धोतर सावरत निघून गेले. मनबहादूरने पोराच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघे घरी आले. रुखमाबाई कधी निघून गेली ते अश्विनला दिसलंच नाही. त्याला बाकी कुणाचं काही वाटलं नाही, तिचं वाटलं.

सकाळी बाप मिलवरून येऊन झोपला आणि अश्विन उगाच रस्त्याला लागला. पाऊस भुरभुरत होता. पाय आपल्या सवयीने बांध्यांकडे वळले. आज टोळी लटारूभाऊंच्याच बांधीत होती. बाया डोक्यावरून मेणकापड घेऊन ओळीत वाकल्या होत्या. धुऱ्याच्या एका टोकाला छत्री घेऊन स्वतः लटारूभाऊ उभे होते, तोंड पलीकडे करून. अश्विन दुसऱ्या टोकाला पळसाजवळ थांबला. त्याच्या अंगावर कलकत्त्यात घेतलेली नवी पॅंट होती, पायात चांगले बूट. आपण पाहुण्यासारखे दिसतो आहोत, हे त्याला पहिल्यांदाच कळलं.

दिव्यानीने मान वर केली. तिने त्याला बघितलं, पाण्यात तरंगणारी एक पेंडी उचलली आणि ती धावत निघाली.

ही धाव अश्विनला चांगली ओळखीची होती. लहानपणी तलाठ्याकडे, मशीनवाल्याकडे तो असाच धावला होता. आता ती येणार, हसणार, पेंडी आपल्या पायांपुढे ठेवणार, आणि मग ह्या बांधीत आपण पाहुणे. गावाने काल सभामंडपात जे सांगितलं ते आज टोळी सांगणार. दोन्ही देशांत मिळून त्याला जिथे जागा होती ती एवढीच, रुखमाबाईच्या डाव्या हाताची. त्याने डोळे खाली केले आणि खिशात हात घातला.

"दिव्यानी!" चिखलातून आवाज आला. नागभीडपर्यंत ख्याती असलेला आवाज. "कुठी चालली वं? तिथी नोको ठेवू!"

दिव्यानी थांबली. रुखमाबाईने कंबर सरळ केली आणि चिखलाच्या हाताने धुऱ्याचं दुसरं टोक दाखवलं. "त्या लटारूभाऊपुढं ठेव. कालपासून परक्यावानी तेच करून राह्यले."

सगळ्या बाया खो खो हसल्या. पेंडी लटारूभाऊंच्या पायांपुढे गेली. आपल्याच बांधीत, आपल्याच धुऱ्यावर, छत्री हातात असलेल्या त्या माणसाने एकदा पेंडीकडे बघितलं, एकदा बायांकडे. रीत म्हणजे रीत. त्यांनी खिशात हात घातला.

"आन तू?" रुखमाबाई अश्विनकडे वळली. तिचा आवाज काही मऊ झाला नव्हता. "उभा काऊन हायेस? खिशातून हात काढ. ज्याच्या बांधीत उतरला त्याची पात सिधी ठेवलीस, आयकलो मी काल. आता इथची कोन लावन? सकाळपासून तुही पात खाली सोडून राह्यलो आमी, पाह्य."

अश्विनने बघितलं. ओळ पार अर्ध्या बांधीपर्यंत मागे आली होती, आणि रुखमाबाईच्या डाव्या हाताला एक पट्टा नुसता चिखलाचा होता, एकही काडी न लावलेला. दोन्ही बाजूंच्या पाती त्याला शिवलेल्या नव्हत्या. त्याने तिथेच धुऱ्यावर बूट काढले.

पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडून तो चिखलात उतरला, पार पुढच्या टोकाला गेला आणि वाकला. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात रिकामे नव्हते, म्हणून त्याने ते पुसलं नाही. बाया आणखी मागे सरल्या नाहीत, कंबरेवर हात ठेवून थांबल्या. तो मागे मागे सरत त्यांच्या ओळीत येईपर्यंत सगळी टोळी तशीच उभी राहिली, आणि लटारूभाऊ रोजी वाया चालली म्हणून ओरडत राहिले.